शंभर ग्रॅमला किती?

सोमवार, २ सप्टेंबर

मॅनेजर महिनाअखेर निवृत्त होणार. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच सांगितलं. सगळ्यांनी ‘अरेरे’ केलं. मीही केलं. माझं सगळ्यात मोठं होतं.

जागा एक, लायक माणूस एक. लिफ्ट दुरुस्तीच्या या कंपनीचे हिशेब मी सतरा वर्षं सांभाळतोय. दुसरं आहे कोण? मेकॅनिक लोक दिवसभर परक्या इमारतींच्या खड्ड्यात उतरलेले. उरल्या रिसेप्शनवरच्या बाई. टेबलावर ताजी फुलं ठेवायची आणि फोनवर ‘हो ना, हो ना’ म्हणायचं, एवढं त्यांचं काम. मी मनातल्या मनात त्यांना फुलदाणी म्हणतो. फुलदाणीला कोणी मॅनेजर करत नाही.

तरी साहेबांच्या, म्हणजे मालकांच्या, डोळ्यांत भरेल असं काहीतरी करायला हवं. सतरा वर्षं नुसतं बरोबर काम केलं. त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मंगळवार, ३

सापडलं. पॅन्ट्री!

आज साखर संपली म्हणून फुलदाणी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलो घेऊन आली. चव्वेचाळीसला. सुटे नव्हते म्हणून वर दोन गोळ्या. मी विचारलं, शंभर ग्रॅमला किती पडली? ती म्हणाली, चहाला पुरेल एवढी आहे.

हे उत्तर झालं? या ऑफिसात भागाकार येणारा मी एकटा आहे.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. पॅन्ट्रीची खरेदी शास्त्रशुद्ध पायावर आणतो म्हणालो. साहेब लिफ्टच्या कुठल्याशा नकाशात डोकं घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, “बघा.”

म्हणजे पूर्ण अधिकार दिले.

बुधवार, ४. संध्याकाळी, सुपरमार्केटहून आल्यावर

काय लूट चालली आहे! आणि लोक हसत हसत लुटून घेतात.

बिस्किटांचा ‘फॅमिली सेव्हर’ पुडा, आठशे ग्रॅम, एकशेवीसला. म्हणजे शंभर ग्रॅमला पंधरा. त्याच्याच खालच्या फळीवर तीच बिस्किटं, पंचाहत्तर ग्रॅमचा छोटा पुडा, दहाला. म्हणजे शंभर ग्रॅमला तेरा आणि वर थोडे. मोठा पुडा महाग! वर ‘सेव्हर’ लिहायला लाज नाही वाटत.

चहाचंही तेच. ‘वीस टक्के जादा’ असं कपाळावर लिहिलेला तीनशे ग्रॅमचा डबा शहाण्णवला, म्हणजे शंभराला बत्तीस. त्याच्यामागे लपवलेला साधा अडीचशेचा पंचाहत्तरला, म्हणजे शंभराला तीस. पुढचे डबे हटवून मागचे पुढे आणले. समाजसेवा.

एक बाई ट्रॉलीत फॅमिली सेव्हर टाकत होत्या. मला राहवलं नाही. त्यांच्या ट्रॉलीतून तो काढला, छोटे अकरा पुडे ठेवले आणि हिशेब समजावला. त्यांनी विचारलं, “तुम्ही इथे कामाला आहात का?” माझ्या वागण्यातला अधिकार अनोळखी माणसालाही जाणवतो. मग त्यांनी अकराही पुडे काढून फळीवर ठेवले आणि मोठा घेऊन गेल्या. गाढवाला गुळाची चव काय.

गुरुवार, ५

संकल्प :
१. शंभर ग्रॅमचा भाव काढल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.
२. सवलतीचा पिवळा स्टिकर दिसला की थांबायचं.
३. कोणाच्या चवीबद्दलच्या मताला किंमत द्यायची नाही. चव ग्रॅममध्ये मोजता येत नाही.

शनिवार, ७

मोठा दिवस. खरेदी :

साखर, पंचवीस किलोचं पोतं, एक हजारला. किलोला चाळीस. फुलदाणीच्या किलोमागे चार वाचले. पोत्यामागे शंभर!

रिक्षाला एकशेवीस गेले. पण वाहतूक हा वेगळा हेड आहे, तो इथे धरायचा नाही.

चहा, पाच किलोचं पाकीट, नऊशेला. शंभर ग्रॅमला अठरा! कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. जाहिरातीवर खर्च करत नसणार. म्हणूनच परवडतं.

कॉफी, पिवळ्या स्टिकरची, दोन डब्यांवर एक मोफत. बारीक अक्षरात ‘चिकोरी सत्तेचाळीस टक्के’ असं आहे. चिकोरी म्हणजे नक्की काय ते पाहायचं राहिलं. पण तीही ग्रॅममध्येच मोजली आहे.

दूध पावडर, निम्म्या भावात, पाच किलो. पिवळा स्टिकर. तारीख याच महिन्याची.

बिस्किटांचे छोटे पुडे, साठ. भांडी घासायचा लिंबाच्या वासाचा साबण, पाच लिटरचा कॅन.

घरी हिला यादी वाचून दाखवली. ही बालवाडीत शिकवते, त्यामुळे तिच्याशी सोप्या भाषेत बोलावं लागतं. ही म्हणाली, पाच किलो पावडर महिनाभरात पिणार कोण? मी म्हणालो, प्रश्न पिण्याचा नाही, भावाचा आहे. ही म्हणाली, “मग भावच प्या.”

बालवाडीचा परिणाम.

मंगळवार, १०

नवी व्यवस्था सुरू. चहाला रंग असा येतो की पेला लालभडक. रंगाच्या पुढे त्यात काही होत नाही असं मेकॅनिक लोकांचं म्हणणं. त्यांच्यातले सगळ्यात जुने तात्या, त्यांनी तर कप उजेडात धरून पाहिला. मग विचारलं, “यात चहा टाकायचा राहिला का?”

तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातल्यावर जिभेचं काय होणार.

मी स्वतः ऑफिसात चहा घेत नाही. मला पित्त आहे. त्यामुळे या विषयाकडे मला तटस्थपणे पाहता येतं.

गुरुवार, १२

फुलदाणी म्हणाली, बिस्किटांना साबणाची चव येते. पॅन्ट्रीत जागा नव्हती म्हणून पुडे साबणाच्या कॅनवर रचले होते, एवढंच. मी म्हणालो, लिंबाचा वास आहे, लिंबाचं बिस्किट वेगळं विकत घेतलं तर शंभर ग्रॅमला एकवीस पडतं.

ती नुसती ‘हो ना’ म्हणाली. पटलं.

साखरेचं पोतं तिच्या टेबलाखाली ठेवलं होतं. तिला पाय ठेवायला जागा नाही म्हणे. पोतं उचलून मागच्या स्टोअररूममध्ये हलवलं, सुट्या भागांशेजारी. उरलेली बिस्किटंही तिथेच. या ऑफिसात प्रत्येकाला जागा हवी, जबाबदारी कोणाला नको.

शुक्रवार, १३

आकडे बोलू लागले. चहाचा खप निम्म्याच्या खाली! मेकॅनिक लोक आता सकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे स्वतःच्या पैशाने पिऊन येतात. कंपनीचा खर्च शून्य. याला म्हणतात व्यवस्थापन. ते अर्धा-पाऊण तास उशिरा येतात, पण तो हजेरीचा विषय आहे.

साहेबांना अहवाल दिला, आलेखासकट. मूळ भाव आणि माझा भाव यातला फरक काढला, तर पॅन्ट्रीवर एरवी महिन्याला जेवढा खर्च होतो त्यापेक्षा जास्त बचत आपण केली आहे.

साहेबांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, “बरं. मग ते वाचलेले पैसे कुठे आहेत?”

मी समजावलं, पैसे असे दिसत नसतात, ते वाचलेले असतात. धंदा चालवणं वेगळं आणि हिशेब कळणं वेगळं. मॅनेजर झालो की हळूहळू शिकवीन.

रविवार, १५

साडू आला. डेप्युटी मॅनेजर आहे कुठल्याशा टायर कंपनीत. दर वेळी बोलता बोलता खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढतो आणि त्याने दात कोरतो. म्हणजे मला दिसावं.

केक आणला होता. मी विचारलं, केवढ्याचा, किती ग्रॅम? म्हणाला, “अहो, बघितलं नाही. पोरांना आवडतो म्हणून उचलला.” असे लोक डेप्युटी मॅनेजर होतात.

मेहुणी हिला म्हणाली, तुझे हे वाळलेत गं. ही म्हणाली, भागाकार करतायत ना.

केक उरला नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामा खोका ठेवून पाहिला, पण त्याला अर्थ नव्हता.

गुरुवार, १९

किरकोळ घटना. स्टोअररूममध्ये उंदीर.

एका इमारतीला द्यायचं दाराचं कंट्रोल पॅनेल बांधून ठेवलं होतं, खोक्यासकट. तात्या ते न्यायला गेले तर आतल्या वायरी कुरतडलेल्या. शेजारी बिस्किटांच्या पुड्यांचा चुरा आणि साखरेच्या पोत्याला भोक. ती लिफ्ट आज सुरू व्हायची होती. आता नवीन पॅनेल येईपर्यंत सात मजले पायी. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा दवाखान्यातून घरी यायचे होते. तात्या आणि एक मेकॅनिक जाऊन त्यांना खुर्चीत बसवून वर उचलून ठेवून आले.

परत आल्यावर तात्या सरळ माझ्या टेबलापाशी. शर्ट घामाने चिंब. म्हणाले, “साहेब, मला भागाकार येत नाही. पण ते आजोबा सत्तर किलोचे होते आणि पाच मजले होते. शंभर ग्रॅमला किती पडलं ते तुम्ही काढा.”

भाषा पाहा. सीनियर माणसाशी बोलायची ही पद्धत? तरी मी शांत राहिलो. उंदीर बिस्किटांमुळे आला हे सिद्ध झालेलं नाही. उंदीर सगळीकडे असतात. शिवाय साठ पुड्यांपैकी त्याने सोळाच खाल्ले.

रात्री जेवताना हिला सांगितलं. हिने भाजी वाढायची थांबवली आणि आजोबा कसे आहेत विचारलं. मी म्हणालो, त्यांचं काय, ते बसलेलेच होते.

ही उठून आत गेली.

सोमवार, २३

उद्या बिल्डर येणार. त्याच्या वीस इमारती. सगळ्यांच्या लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट. ते मिळालं तर कंपनी तरली, नाही तर दिवाळं नसलं तरी पगार पुढे-मागे, असं मॅनेजर म्हणाले.

फुलदाणीने साहेबांना विचारलं, उद्यापुरता चहा बाहेरून मागवू का. मी तिथेच होतो. मी म्हणालो, पाहुण्याला आपली पद्धत दिसलीच पाहिजे. साहेबांचा फोन वाजला, त्यामुळे निर्णय माझाच राहिला.

उद्या बिल्डरला कॉफी मी स्वतः देणार. साहेबांना दिसेल, हा माणूस नुसता आकडे मांडत नाही, पुढेही होतो.

मंगळवार, २४

अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

बिल्डर ठेंगणा, कमी बोलणारा. मीटिंग रूममध्ये खुर्च्यांमागे दूध पावडरचे खोके होते, त्यामुळे जरा तिरका बसला. मी ट्रे घेऊन गेलो. कॉफी, बिस्किटं, शेजारी डबाही ठेवला, पिवळ्या स्टिकरसकट. लपवायचं काय त्यात?

त्याने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. डबा हातात घेऊन स्टिकर वाचला. डोळे बारीक करून तारीख वाचली. मी संधी साधली. दोनावर एक मोफत, कपाला किती पडतं, आधी किती पडत होतं, सगळं एका दमात सांगितलं.

बिल्डरने साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. विचारलं, “लिफ्टचे दोरही तुम्ही असेच सेलमध्ये घेता का?”

किती समर्पक प्रश्न! मी म्हणालो, “अजून नाही, पण विचार चालू आहे.”

साहेबांनी हाताने डोळे झाकले. भारावले असावेत.

बिल्डर दहाच मिनिटांत उठला. निर्णय जलद घेणारा माणूस. कागद सहीशिवाय तिथेच राहिले, पण मोठी माणसं जागेवर सही करत नाहीत.

बुधवार, २५

साहेब ओरडले नाहीत. केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मग म्हणाले, सतरा वर्षं तुमच्या हिशेबात एक पैशाची चूक नाही. मी म्हणालो, आभारी आहे. ते म्हणाले, तेच मला कळत नाहीये.

बढतीच्या आधी माणसाची जुनी कामगिरी आठवतात, तसं असावं.

बिल्डरचा निरोप आला होता : विचार करून कळवतो. फुलदाणीने परस्पर त्याला फोन लावला! कोणाची परवानगी नाही, काही नाही. रिसेप्शनवरून सगळं ऐकू येत होतं. पाच मिनिटं ‘हो ना, हो ना’. मग म्हणाली, “तुमच्या इमारतीत लहान मुलं असतील. तुमच्या जागी मीही उठून गेले असते. एकदा या, दोर कुठून येतात, कोण तपासतं, सगळं दाखवते. नाही पटलं तर पुन्हा फोन करणार नाही.”

उठून गेले असते! स्वतःच्या कंपनीविरुद्ध बोलली. नोंद करून ठेवतो.

शुक्रवार, २७

बिल्डर आला. फुलदाणी त्याला सरळ मागच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. मीटिंग रूम नाही, काही नाही. तात्यांनी दोराचे तुकडे मांडले, तपासणीची कागदपत्रं दाखवली. चहा कोपऱ्यावरून आला, काचेच्या ग्लासांत. भावाची चौकशी कोणीच केली नाही. बिल्डरने दोन ग्लास घेतले, एका खोक्यावर बसून. वीसही इमारतींच्या कागदांवर सही करून गेला.

मिळालं कंत्राट! पाया मंगळवारी मी रचला होता, कळस फुलदाणीने चढवला. एकदा मनात शंका आली की माणूस खोलात जातो, आणि शंका कोणी आणली?

संध्याकाळी साहेब सगळ्यांना म्हणाले, नव्या मॅनेजरचं नाव सोमवारी जाहीर करीन. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम. आधी कळू नये म्हणून.

शनिवार, २८

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. ‘ऑफिस मॅनेजर’, ठळक अक्षरात, वर लिफ्टचं छोटं चित्र. छापखानेवाला म्हणाला, शंभर कार्डं अडीचशेला. म्हणजे कार्डाला अडीच. हजार घेतली तर नऊशे, म्हणजे कार्डाला एकाहूनही कमी!

शंभर घेणारे मूर्ख असतात. हजार सांगितली. आगाऊ पैसे दिले तर आणखी पाच टक्के सूट होती, म्हणून दिले.

हिने विचारलं, जाहीर झालं का? मी म्हणालो, सोमवारी होईल. ही म्हणाली, “मग सोमवारी छापा की.” सोमवारी ती सूट नव्हती.

सोमवार, ३०. घरी

मॅनेजरांचा निरोप समारंभ. कार्डांचा खोका वाटेत घेऊनच गेलो होतो. टेबलाच्या खणात ठेवला. चार कार्डं शर्टाच्या खिशात.

साहेब उभे राहिले. मॅनेजरांबद्दल बोलले, तेव्हा मी खुर्ची थोडी मागे सरकवून ठेवली, उठताना आवाज होऊ नये. मग म्हणाले, नव्या मॅनेजरपदी अशी व्यक्ती, जिने आपलं कंत्राट वाचवलं. मी उठलो.

अर्धा उठलो होतो. तेव्हा त्यांनी नाव घेतलं.

रिसेप्शनवरच्या बाईंचं.

टाळ्या वाजल्या. मेकॅनिक लोकांनी तर शिट्ट्या मारल्या. मी उभाच होतो, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. तात्या शेजारी होते. त्यांनी माझी खुर्ची हळूच पुढे सरकवली आणि खांद्याला धरून खाली बसवलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी पहिलं काम पॅन्ट्रीचं काढलं. उद्यापासून चहा बाहेरून. मुदत संपलेलं सगळं टाकून द्यायचं. साखर चांगली आहे, ती चाळून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला. मग माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, “तुमचे हिशेब मला हवेत. तुमच्यासारखे कोणी करत नाही. फक्त खरेदी करू नका.” आवाज अगदी साधा होता. चिडायला जागाच ठेवली नव्हती.

मी म्हणालो, हो.

कंपनीला भागाकार नको असेल तर...

हे वाक्य पुरं करायचं होतं. सुचत नाही.

खोका घेऊन घरी आलो. हिने दार उघडलं, खोका पाहिला, माझ्याकडे पाहिलं. एक कार्ड काढून दिव्याखाली धरलं. उलटं करून पाहिलं. म्हणाली, “मागची बाजू कोरी आहे. बालवाडीत चित्रं काढायला होतील.”

मी विचारलं, हजार लागतील का? ही म्हणाली, मुलं तीस आहेत. आणि पहिल्यांदाच, अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा, हसली. मग माझ्यासाठी पानात जास्तीची पोळी वाढली.

शिल्लक कार्डांचं काय करायचं हा हिशेब मी केलेला नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

अकराला बाहेरून चहा आला. सगळे पॅन्ट्रीपाशी जमले. माझ्या टेबलापर्यंत वास आला. पित्ताचं बघू म्हणून गेलो आणि अर्धा ग्लास घेतला. केवढ्याचा ते विचारलं नाही.

चांगला होता.

किटली मॅडमच्या हातात होती. मी ग्लास पुढे केला आणि म्हणालो, मॅडम, अजून थोडा मिळेल का?

मॅडम म्हणाल्या, “हो ना. रांगेत या.”

माझ्या पुढे सहा मेकॅनिक होते. उभा राहिलो.